लांब नाकाच्या वानरांना केळे का देत नाहीत?

सिंगापूरला येणाऱ्या पाहुण्यांना मंडाईचे प्राणिसंग्रहालय दाखवणे हा इथल्या मराठी घरांचा ठरलेला रिवाज आहे, आणि तिथे लांब नाकाच्या वानरांपुढे, म्हणजे ‘प्रोबोसिस मंकी’पुढे, मंडळी हमखास रेंगाळतात. बोर्निओ बेटाखेरीज हे वानर रानात कुठेही आढळत नाहीत. वीसेक किलोचा नर, ओठांवरून खाली लोंबणारे त्याचे नाक आणि सुटलेले पोट पाहून हसू आवरत नाही. मग कोणीतरी विचारतेच, ‘यांना केळी का देत नाहीत?’

उत्तर त्या सुटलेल्या पोटातच आहे. या वानरांचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यातील सूक्ष्मजीव पाने आंबवतात आणि त्यावर वानराचे पोषण होते. ते कधीकधी खाल्लेले तोंडात परत आणून चघळतात, असे जपानी संशोधक इक्की मात्सुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. वानरकुळात हे प्रथमच नोंदवले गेले. अशा जठरात पिकलेल्या फळाची साखर पडली की ती झपाट्याने आंबते, आम्ल व वायू साठतात, पोट फुगते आणि प्राणी दगावूही शकतो. रानात ते फळे खातात, पण बहुधा कच्ची. बाजारातील फळे मात्र माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली असतात. वेरूळ-अजिंठ्याला केळी हिसकावणारे आपले वानर याच पानखाऊ गटातले असले तरी बरेच काही पचवतात, म्हणून आपल्याला ही अडचण सुचत नाही.

म्हणजे रोज ताजा पाला हवा, आणि तोही कुठलाही चालत नाही. मी पाहत होतो तेव्हा एका मादीने फांदी ओढून घेतली, टोकाची कोवळी, पोपटी पाने तेवढी खुडली आणि उरलेली फांदी खाली टाकून दुसरीला हात घातला. खाली पडलेला तो हिरवा ढीग पाहिल्यावर लक्षात येते की, आणलेला पाला आणि पोटात गेलेला पाला यांत किती अंतर असते. काही झाडांच्या पानांत चिवट धागे असतात आणि त्यांचा पोटात गोळा बसतो. नवे पान सुरू करायचे तर सूक्ष्मजीवांना सवय होईपर्यंत हळूहळू वाढवावे लागते. आजारपणात तोंडावाटे दिलेले प्रतिजैविकदेखील याच सूक्ष्मजीवांवर उठू शकते, त्यामुळे पशुवैद्याचे काम अवघड होते.

विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील काही प्राणिसंग्रहालयांनी हे वानर हौसेने नेले, पण तिथे त्यांनी फारसे मूळ धरले नाही. हिवाळ्यात झाडे निष्पर्ण झाल्यावर पानखाऊ वानरांना उन्हाळ्यात गोठवून ठेवलेला पाला द्यावा लागतो. सिंगापुरात बाराही महिने झाडे पालवतात आणि हवाही बोर्निओसारखीच दमट असते. इथे त्यांची पैदास होते, त्याचे निम्मे श्रेय मी तरी या हवेला देईन. अर्थात रोज फांद्या तोडून आणणाऱ्यांचे कष्ट त्यात आलेच.

पैदास झाली की निराळाच पेच उभा राहतो. एका कुटुंबात एक नर आणि अनेक माद्या अशी यांची रीत असल्याने वयात आलेल्या नरांना बापाच्या कळपात जागा उरत नाही. रानात असे नर आपला वेगळा कळप करून राहतात. प्राणिसंग्रहालयात त्यांच्यासाठी दुसरे आवार, दुसरी झाडे आणि पाल्याचा दुसरा पुरवठा लागतो. २०११ साली इथले काही नर नेदरलँड्समधील अपेनहूल या वानर-उद्यानात पाठवले गेले. पण नर पाठवायचे म्हटले तरी असा पाला वर्षभर पुरवू शकणारी ठिकाणे जगात मोजकीच आहेत, आणि बोर्निओच्या नदीकाठची व खाजणातली जंगले तोडली जात असताना त्यांना तिकडे सोडणे हाही सोपा मार्ग नाही.