उतरत्या कळेचा खेळ

‘स्मॉल वर्ल्ड’च्या पटावर जागा मुद्दामच कमी ठेवली आहे. डब्यात दोन दुतर्फा पट, म्हणजे चार नकाशे. जितके खेळाडू, त्या मापाचा नकाशा. दोघे बसा की पाच जण, बांधावरची भांडणं ठरलेली. फिलिप केयार्ट्स यांनी आपल्याच १९९९च्या ‘व्हिंची’ या खेळावरून २००९मध्ये हा खेळ बेतला, आणि मिगेल कोइंब्रा यांच्या चित्रांनी त्याचा कडवटपणा काढून घेतला. एरवी हा निव्वळ दुसऱ्याची जमीन बळकावण्याचा हिशोब. पण बळकावणारा एखादा बुटका नाहीतर चेटक्या असला की हाकलला गेलेलाही हसतो.

चौदा जमाती, त्यांना जोडायच्या खास करामतींच्या वीस पाट्या, जोड्या दर डावाला नव्या. उंदीरमाणसांना स्वतःची करामत काही नाही, पण सोंगट्या आठ. शेजारी ‘उडणारे’ ही पाटी आली की आणखी पाच. तेरा उडते उंदीर, पटावर कुठेही! मांडलेल्या सहा जोड्यांपैकी सर्वांत वरची फुकट. खालची हवी तर वरच्या प्रत्येकीवर एक नाणं ठेवायचं. नवखे चित्राला भुलतात आणि साठलेली नाणी दुसऱ्याच्या पदरात टाकतात.

जागा घ्यायला दोन सोंगट्या, डोंगराची एक जास्त, आणि तिथल्या प्रत्येक सोंगटीमागे आणखी एक. डोंगरावर मूळ रहिवाशांची एकच सोंगटी असली तरी चार मोजाव्या लागतात. शेवटच्या चढाईला तीनपर्यंत कमी पडल्या तर फासा आहे, पण हातात निदान एक सोंगटी हवी आणि जागा आधी सांगायला हवी. फाशाच्या तीन बाजू कोऱ्या आहेत, हे उत्साहात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

जमातीला उतरती कळा लागली, हे इथे आपणच जाहीर करायचं. बहुतेक डाव इथेच हातचे जातात. प्रत्येक जागी एक सोंगटी ठेवून चढाईला दोनच उरत असतील, तर ती जमात संपली. पण लोभ सुटत नाही! खरं तर नुकसान फक्त एका पाळीच्या चढाईचं. पाळीअखेर जागेमागे एक नाणं मिळतं; जुन्या जागांचं ते त्या पाळीलाही मिळतं, आणि पुढच्या पाळीपासून जुन्या-नव्या दोन्हींचं. मात्र दुसरी जमात उतरली की आधीची, एखादा अपवाद सोडला तर, पटावरून उचलावी लागते.

उतरताना प्रत्येक जागेवर एकच सोंगटी ठेवायची, तीही उलटी. मागे तेच चित्र असतं, फक्त रंग उडालेलं.