पीआर-इन्फो टाकलं की कार्ड मुकाट चालायचं

नागपुरात मे महिन्यात कुठलंही कार्ड अडलं की पहिला संशय उन्हावर. आमचं एफपीजीएवालं (आतलं सर्किट आपणच ठरवायची चिप) पीसीआय एक्सप्रेस कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये बसणारं, चित्रांच्या फ्रेम दाखवणारं कार्ड, तासातून एक-दोनदा गोठायचं. “हीटच आहे बे,” म्हणत टेस्टिंगवाल्यांनी कूलर समोर आणून ठेवला. (उघड्या कार्डावर कूलरची दमट हवा! असो.) फरक शून्य.

अंडररन (कार्डाला डेटा वेळेत न मिळणं) झाल्यावर आमचा लिनक्स ड्रायव्हर कार्ड रिसेट करतो: रजिस्टरमध्ये (कार्डाच्या नियंत्रणाच्या कप्प्यात) १, मग १० मायक्रोसेकंद यूडिले (नुसतं थांबणं), मग ०. मध्ये एक पीआर-इन्फो (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारी कमांड) टाकलं आणि गोठणं बंद. काढलं की पुन्हा सुरू. मग टायमिंगच असणार म्हणून यूडिले १००, १००० करून पाहिला. उपयोग नाही.

घोळ प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सापडल्यावर ड्रायव्हर त्याची मांडणी करतो त्या फंक्शनमध्ये होता. कार्डाचा बार (प्रोसेसरला दिसणारा कार्डाच्या पत्त्यांचा पट्टा) १६ एमबीचा. पहिल्या ४ केबीत रजिस्टरं, पुढे फ्रेम बफर. फ्रेम हळू जातात म्हणून कोणीतरी अख्खा बार आयओरीमॅप-डब्ल्यूसीने (डब्ल्यूसी म्हणजे राइट-कंबाइनिंग) मॅप केला होता. बफरपुरतं ते बरोबरच, कारण साध्या, अनकॅश्ड मॅपिंगवर प्रत्येक ४-८ बाइटचं वेगळं पॅकेट निघतं, राइट-कंबाइनिंगमध्ये प्रोसेसर ६४ बाइट जमवून एकदम सोडतो. फ्रेम आठेक एमबीची असली की हा फरक जाणवतो. पण तोच प्रोसेसर रिसेटचा १ जमवून ठेवतो, त्याच पत्त्यावर ० आला की १ पुसतो, आणि कार्डापर्यंत फक्त ० पोचतो. एक्स८६ प्रोसेसरवर राइटएल (रजिस्टरात लिहिणारं फंक्शन) म्हणजे साधा मूव्ह, तो हा साठा रिकामा करत नाही. यूडिलेही नाही. मध्ये इंटरप्ट (प्रोसेसरला दुसऱ्या कामाकडे वळवणारा इशारा) आला तर रिकामा होतो, म्हणून रिसेट कधी लागायचा, कधी नाही. पीआर-इन्फो आत लॉक घेतं; लॉकवाली इन्स्ट्रक्शन साठा बाहेर ढकलते.

कर्नलच्या डीबगएफएसमधली पॅट-मेमटाइप-लिस्ट (कुठला पत्ता कसा मॅप झालाय त्याची यादी) आधी उघडली असती तर पूर्ण १६ एमबीसमोर ‘राइट-कंबाइनिंग’ लिहिलेलं पाच मिनिटांत दिसलं असतं.

आता पहिलं पान (४ केबी) साध्या आयओरीमॅपने, उरलेलं डब्ल्यूसीने. कॅशिंगचा प्रकार पानागणिक ठरतो. हार्डवेअरवाल्यांनी रजिस्टरं बफरच्याच पानात कोंबली नाहीत, हे नशीब. फ्रेम कॉपी झाल्यावर, ‘दाखव’चं रजिस्टर लिहिण्याआधी डब्ल्यूएमबी, म्हणजे एसफेन्स: आधीचे राइट आधी बाहेर काढणारी इन्स्ट्रक्शन. रिसेटच्या प्रत्येक राइटनंतर तेच रजिस्टर रीडएलने परत वाचायचं, कारण पीसीआय एक्सप्रेसवर राइट पोस्टेड असतो, म्हणजे तो पोचायची वाट न बघता प्रोसेसर पुढे जातो; वाचल्याशिवाय १० मायक्रोसेकंद नेमके कुठून मोजायचे?

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. पीआर-इन्फोसकट बिल्ड पाठवायला तयार होतं. लॉग फार येतात म्हणून पुढे कोणी त्या ओळीचं पीआर-डीबग (एरवी बंदच असतं) केलं असतं, की कार्ड पुन्हा गोठलं असतं. बहुधा पुढच्या मे महिन्यात.