हिरवा हॉल अपडेट: कडेची चौकट गेली एकदाची!

मंडळी, गेली! हॉल गडद हिरवा रंगवला, त्याच्या मागच्या फोटोत छताच्या कडेने आणि स्विचबोर्डाभोवती गडद पट्टा होता ना, मधली भिंत फिकी, ती चौकट आता दिसत नाही. दुपारी खिडकीतून तिरका उजेड येतो तेव्हासुद्धा नाही, आणि खरी परीक्षा तीच.

भानगड अशी की पेंटर काका आधी अख्ख्या हॉलच्या कडा ब्रशने मारून घेतात, मग चहा, मग रोलर. ऑफव्हाइटला हे खपून जातं, गडद हिरव्याला नाही खपत. ब्रशने पेंट जाड बसतो, रोलरने पातळ आणि दाणेदार, त्यात नाशिकचा एप्रिल, रोलर येईपर्यंत कड सुकून खडखडीत. शिवाय डीप बेसमध्ये (गडद रंग ज्यात मिसळतात तो मूळ पेंट) पांढरं पिगमेंट जवळपास नसतंच, सगळी भिस्त टिंटरवर, म्हणजे वरून मिसळलेल्या रंगावर, त्यामुळे थर जरा कमीजास्त झाला की लगेच कळतं. काका म्हणाले अजून एक हात मारू. मारला, चौकट अजून उठून दिसायला लागली!

मग यावेळी चहा आधी पाजला (हसू नका, अर्धं काम तिथेच झालं) आणि एकेक भिंत घेतली. मी कड मारायची, काकांनी लगेच मागून रोलर, कड ओली असतानाच, वर चार इंची छोटा रोलर कोपऱ्याला जाईल तितका चिकटवून फिरवायचा म्हणजे ब्रशच्या रेघा मोडतात. सकाळची वेळ, पंखा बंद, आणि भिंत संपेपर्यंत थांबायचं नाही, फोन वाजू दे नाहीतर बेल. बादल्या सगळ्या आधीच एकत्र ढवळून घेतल्या, मशीनचं टिंटिंग असलं तरी बादलीबादलीत उन्नीस-बीस होतंच.

फिनिश मॅटच. रविवार कारंज्यावरचा दुकानदार सॅटिन गळ्यात मारत होता, धुता येतं म्हणून. पण चमक आली की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. पॅसेजला मात्र सॅटिन घेणार, मॅटला येताजाता खांदे घासले की चकाकणारे डाग पडतात. आणि बेडरूमला प्रायमरच राखाडी टिंट करून घेणार, पांढऱ्यावर हिरवा झाकायला फार हात लागतात.

बाहेरची पश्चिमेची भिंत हिरवी करायचा प्लॅन कॅन्सल. दुपारभर तापते ती, गडद रंगाने अजून तापेल, आणि पावसाळ्यानंतर लोणा (ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार) फुटला की हिरव्यावर पांढरी पावडर लांबूनही दिसणार. आधी ओल कुठून येते ते बघू. बाहेर फक्त दार आणि ग्रिल, इनॅमलमध्ये. आई खूश, तिच्या आजोळच्या वाड्याची दारं अशीच होती म्हणे.

थांबा, ग्रिल हिरवं केलं तर जिन्याचं काळं रेलिंग विचित्र दिसेल का? तेही करून टाकतो मग, डबा उघडलेलाच असेल. फक्त खाली रेड ऑक्साइड प्रायमर नको वाटतंय, टवका उडाला की हिरव्यातून लाल डोकावतं. झिंक फॉस्फेट प्रायमर ग्रिलवर कोणी वापरलाय का? पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचंय.