आधी कान तपासून घे

लेक पावणेदोन वर्षांचा होता. एका संध्याकाळी त्याला घ्यायला गेले, तर पाळणाघराच्या काकूंनी मला आत बोलावून बसवलं आणि वही पुढे केली. त्यांच्याकडे आठ मुलं, प्रत्येकाचं वेगळं पान. किती जेवला, कधी झोपला, शी कशी झाली, सगळं लिहिलेलं. त्या दिवशीच्या पानावर खाली एक ओळ जास्तीची होती : ‘मागून हाक मारली, वळला नाही. या आठवड्यात तिसऱ्यांदा. समोर गेले तर लगेच हसला.’

मला राग आला. ‘‘घरी हाक मारली की येतो की!’’ मी म्हणाले. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘समोरून मारतेस की मागून, तेवढं आज बघ.’’

रात्री तो डबे रचत बसला होता. मी मागे जाऊन नाव घेतलं. हालचाल नाही. मोठ्याने घेतलं, तरी नाही. वाटीवर चमचा आपटला तेव्हा कुठे मान वळली. मग नवऱ्याने करून पाहिलं. तेच. त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

तोवर त्याला ‘आई’ आणि ‘दे’ एवढेच शब्द येत होते. सासूबाईंचं म्हणणं, याचा बाबाही उशिराच बोलला. ज्या डॉक्टरांकडे आधी गेलो, त्यांनीही मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा, असं सांगून पाच मिनिटांत परत पाठवलं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्यात आमचे तीन आठवडे गेले. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘बोलणं येऊ दे उशिरा. पण आधी कान तपासून घे. ऐकूच आलं नाही तर बोलेल कसा?’’

घरी येऊन माता व बाल संरक्षण कार्ड काढलं. प्रत्येक लसीच्या वेळी ते माझ्या हातात असायचं, पण मी फक्त पुढची तारीख बघायचे. कोणत्या वयात मूल काय करायला लागतं, याची चित्रं त्यात पहिल्या दिवसापासून होती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. पहिली तपासणी टिंपॅनोमेट्रीची, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते बघण्याची. कानात मऊ रबरी टोक बसवतात, काही सेकंदांत होते, दुखत नाही. कागदावर छोट्या डोंगरासारखा उंचवटा यायला हवा, तर आमच्या कागदावर दोन्ही कानांच्या सपाट रेघा आल्या. पडद्यामागे चिकट द्रव साचला होता. याला ग्लू इअर म्हणतात. नाकामागून कानाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, सर्दीत ती सुजते आणि द्रवाचा निचरा होत नाही. ताप नाही, रडणं नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. मुलाला ऐकू येतं, पण कानात बोटं घालून ऐकावं तसं.

आतल्या नसेची खात्री करायला बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी करायची ठरली. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. पहाटे पाचला उठवलं, रिक्षात डोळा लागू नये म्हणून गाणी म्हणत, टाळ्या वाजवत नेलं. तिथे औषध देऊन झोपवलं, कपाळावर आणि कानांमागे पट्ट्या चिकटवल्या. तासभर मी त्याची पावलं धरून बसले होते. नस ठीक निघाली.

मग तीन महिने थांबायचं. बहुतेक मुलांचा द्रव आपोआप जातो, नाही गेला तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. पण हे तीन महिने भाषा शिकण्याचे, आणि दिवसाचे नऊ तास तो काकूंकडे. ऑडिओलॉजिस्टनी लिहून दिलेला कागद मी त्यांच्याकडे दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा टीव्ही बंद झाला. मिक्सर मुलं यायच्या आधी फिरवायला लागल्या. आडवं झोपून बाटलीने दूध पिणं थांबलं, मांडीवर बसवून पेल्याने सुरू झालं.

एकदा लवकर पोचले तर जेवणं चालली होती. काकू त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या, त्यांचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. पोळीचा तुकडा स्वतःच्या तोंडाजवळ धरून म्हणाल्या, ‘‘पोळी.’’ आणि थांबल्या. तो ओठांकडे बघत राहिला. त्या थांबूनच. मी असते तर एव्हाना घास भरवून मोकळी झाले असते. बऱ्याच वेळाने त्याच्याकडून ‘‘पो’’ आलं, तेव्हा घास मिळाला. आठ मुलांच्या गडबडीत त्या हे दिवसातून कितीदा करत असतील?

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात अंगणवाडीत जाते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुलं तपासतं, गरज पडली तर पुढच्या उपचारांना पाठवतं. खासगी पाळणाघरात असं पथक येत नाही. तिथल्या मुलांचं सगळं तिथे सांभाळणाऱ्या बाईच्या नजरेवर. आणि त्या बाईला आपण विचारतो काय, तर ‘‘त्रास नाही ना दिला?’’

तीन महिन्यांनी उजव्या कानाचा डोंगर दिसला. डावा अजून पूर्ण मोकळा नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचंय, ग्रोमेटचं तेव्हा ठरेल. शब्द तिशीच्या पुढे गेलेत. परवा वहीत ओळ होती : ‘मागून हाक मारली. वळला. पण डावीकडची हाक असली तर अजून दोनदा मारावी लागते, डॉक्टरांना सांग.’ त्या पानाचा फोटो काढून फाइलला लावलाय.