उणे चिन्ह कंसाला की क्षला?

अकरावीच्या वर्गात त्या दिवशी फळ्यावर एकच फंक्शन होतं: य = √(क्ष − ३). आधी त्याचं क्ष-अक्षात परावर्तन करायचं, म्हणजे अक्षाला आरसा मानून आलेखाची प्रतिमा काढायची, मग मूळ फंक्शनचंच य-अक्षात. पहिलं सगळ्यांना जमलं, य = −√(क्ष − ३). दुसऱ्याला मात्र बहुतेक वह्यांत य = √(३ − क्ष) असं उत्तर होतं. आलेखही काढलेले, वळण अगदी सुबक. मागच्या बाकावरून ठाम आवाज आला, "मॅडम, आलेख डावीकडे वळलाय ना, मग चुकलं कुठे?"

प्रश्न रास्त होता. हे उत्तर नुसत्या नजरेला पटतं, म्हणूनच ते टिकून राहतं. मी सूत्र बाजूला ठेवून बिंदू मांडायला सांगितले. वर्गमूळाखाली ०, १, ४ येतील अशाच किमती घ्यायच्या, म्हणजे अंदाजाने काही मांडावं लागत नाही. मूळ आलेखावर (३, ०), (४, १), (७, २). य-अक्षात परावर्तन झालं की य तोच राहतो, क्षचं चिन्ह बदलतं: (−३, ०), (−४, १), (−७, २). वह्यांतल्या आलेखावर होते (३, ०), (२, १), (−१, २). म्हणजे (३, ०) जागचा हललाच नव्हता! जो बिंदू य-अक्षावर नाही, तो य-अक्षातल्या परावर्तनानंतर जागेवर राहूच शकत नाही.

मग आलेख कागदाची य-अक्षावर घडी घालून तो खिडकीच्या काचेवर धरला. दोन वक्र जुळेनात. एका मुलीने घडी क्ष = ३ या रेषेवर सरकवली आणि ते तंतोतंत एकमेकांवर बसले. मुलांनी परावर्तन केलंच होतं, फक्त आरसा तीन एकक उजवीकडे ठेवला होता.

कारण पहिल्या प्रश्नातच होतं. क्ष-अक्षासाठी उणे चिन्ह संपूर्ण राशीपुढे लागतं. तीच सवय कंसाला लागली आणि −(क्ष − ३) तयार झालं. य-अक्षासाठी मात्र फक्त क्षच्या जागी (−क्ष) लिहायचं: √(−क्ष − ३). "वर्गमूळाखाली दोन्ही उणे?" अशी शंका लगेच आली. क्ष = −७ ठेवलं की ७ − ३ = ४, वर्गमूळ २. क्ष ≥ ३ हा प्रांत, म्हणजे क्षला चालणाऱ्या किमती, आता क्ष ≤ −३ झाला, इतकंच.

क्ष² − ४क्ष + ३ मध्ये गफलत उलटी होते. क्ष-अक्षासाठी पहिल्याच पदाचं चिन्ह बदलून पुढची पदं तशीच राहतात. हवं −क्ष² + ४क्ष − ३. पडताळा सोपा आहे: क्ष-अक्षातल्या परावर्तनात १ आणि ३ ही मुळं (जिथे य शून्य होतो) कायम राहतात, य-अक्षातल्या परावर्तनात, म्हणजे क्ष² + ४क्ष + ३ मध्ये, य-अक्षावरचा ३ कायम राहतो.

घरी करायला √(५ − २क्ष) दिलं. य-अक्षात त्याचं √(५ + २क्ष) होतं. √(२क्ष − ५) आलं, तर घडी क्ष = ५/२ वर पडलेली असते.