वाकळंतला स्टुडिओ

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात रेकॉर्डिंग म्हणजे लई ताप, गायला बसलं की नेमकी खालनं भाजीवाल्याची आरोळी नाहीतर आईचा कुकर. कंडेन्सर माईक घेतला, तो कॉम्प्युटरला जोडायचा डबा म्हणजे इंटरफेस घेतला आणि दोन दिवस आवाजच येईना, माईक बाद निघाला म्हणून घरभर बोंबललो, मग कळलं की त्याला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे केबलमधनंच माईकला जाणारी वीज लागते आणि इंटरफेसवरचं ते बटन मी दाबलंच नव्हतं!

मग गेन, म्हणजे माईकचा आवाज आत किती मोठा करून घ्यायचा ते. मला वाटायचं जेवढा मोठा तेवढा भारी, तान घेतली की मीटर लाल. डिजिटलमध्ये आवाज एकदा फाटला की नीट शिवता येत नाही भावा. आता २४ बिटवर, म्हणजे जास्त बारकाईनं घेतो आणि जोरात गायलं तरी पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १० डीबीच्या आसपास ठेवतो, कारण शून्याच्या वर गेलं की फाटतंय.

खोलीचा घुमारा मात्र कुठल्या प्लगिननं, म्हणजे आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरनं जाईना. अंड्याचे ट्रे लावून बघितले, खोली तेवढी पोल्ट्री दिसाय लागली. शेवटी आज्जीच्या दोन जाड वाकळा माझ्या पाठीमागं दोरीवर टाकल्या, कारण माईकचं तोंड माझ्याकडं म्हणजे मागची भिंतच त्याला जास्त ऐकू येते, आणि काय सांगू, आवाज एकदम कोरडा, जवळचा!

गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं, म्हणजे अगदी खालची घरघर कापतो. रिव्हर्ब, म्हणजे वरनं घातलेला घुमारा, पहिल्यांदा एवढा ओतला की मित्र म्हणाला, विहिरीत पडलास काय? आणि हेडफोनवर भारी वाटलेलं मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र केलेलं गाणं, मोबाईलवर लावलं तर ढोलकीचा धुम्म गायबच, त्या बारक्या स्पीकरला खालचे आवाज झेपतच नाहीत. सध्या तिथंच अडकलोय, आणि थंडी सुरू झाली म्हणून आज्जी वाकळा परत मागतीया.