एनजीसी 457: गुच्छाचं ध्रुवीकरण कुठं गेलं?

एनजीसी 457 हा शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहातला तारकागुच्छ. मधल्या धुळीमुळं त्याच्या ताऱ्यांचा प्रकाश किंचित ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेला जास्त असतात. तेच इथं मोजायचं. उपकरणांची जुळणी अशी: 80 मिमीची भिंगाची दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, व्ही फिल्टर (हिरवा-पिवळा प्रकाश सोडणारा) आणि अंशांच्या खुणा केलेल्या कड्यात फिरणारा पोलराइजर (एकाच दिशेची कंपनं सोडणारी काच). न्यूटनियन (आरशांची) दुर्बीण इथं नको, तिचा 45 अंशांत बसवलेला छोटा आरसा स्वतःच प्रकाश ध्रुवित करतो. जागा बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं. शर्मिष्ठा इथून फार वर चढत नाही. हा गुच्छ माथ्यावर आला तरी 48 अंशांच्या आतच.

आता चूक. फाय कॅसिओपिया हा गुच्छाच्या चौकटीतलाच तारा 5व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप), ध्रुवीकरण 3.3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पोलराइजर फिरवताना जेमतेम 0.07 प्रतीचा चढउतार. पातळ ढगाची सावली याहून मोठी. ती काढायला नेहमीच्या फोटोमेट्रीसारखी (तेजमापनासारखी) चौकटीतल्या सगळ्या ताऱ्यांची सरासरी घेऊन भागलं, आणि फायचं ध्रुवीकरण जवळपास शून्य! ढगाबरोबर धूळही पुसली गेली. गुच्छातले तारेही जवळपास त्याच धुळीतून दिसतात, चुंबकीय क्षेत्रानं रांगेत लावलेले लांबट कण सगळ्यांना सारखीच दिशा देतात. सरासरीत उरणार काय?

म्हणून सरासरी सोडली आणि क्रम बदलला: 0, 90, 45, 135, मग उलट 135, 45, 90, 0. तारा खाली उतरताना होणारी सावकाश घट यात आपोआप कटते. ढग मात्र कटत नाही, तसा फेरा सरळ टाकून द्यायचा. शून्यासाठी, म्हणजे उपकरणाचं स्वतःचं ध्रुवीकरण काढायला, बीटा कॅसिओपिया हा तारा: 54 प्रकाशवर्षांवर, मधे धूळ जवळपास नाहीच. त्याचे क्यू आणि यू (0-90 आणि 45-135 यांच्या फरकांतून येणारे ध्रुवीकरणाचे दोन घटक) आपल्या आकड्यांतून वजा करा. पी (या दोन्हींतून निघणारा एकूण ध्रुवीकरणाचा आकडा) वजा करू नका, तो कधी ऋण होत नाही, त्यामुळं गोंगाटातही फुगलेला दिसतो.

0.1 टक्क्याच्या अचूकतेला साधारण 10 लाख इलेक्ट्रॉन लागतात. फायला ते काही सेकंदांत मिळतात (फोकस थोडा सोडा, नाहीतर पिक्सेल भरतात). 10व्या प्रतीच्या ताऱ्याला पाव तास तरी धरा.

फ्लॅट (सारख्या उजळ पृष्ठभागाचे, कचऱ्याचे डाग काढायचे फोटो) प्रत्येक कोनाला वेगळे. पोलराइजरवरचा कचरा कड्याबरोबर फिरतो, एकाच फ्लॅटनं भागत नाही. काच किंचित तिरकी असली तर ताराही दोन-तीन पिक्सेल सरकतो. मोजणीचं वर्तुळ त्याच्यामागून न्यावं लागतं. नोव्हेंबरात पहाटे दव धरतं, आणि ओल्या काचेचे आकडे दिसायला अगदी खरे वाटतात.

या गुच्छाचा लालसरपणा (धूळ निळा प्रकाश जास्त अडवते म्हणून येणारा) साधारण 0.5 प्रत. सेरकोव्स्कीच्या मर्यादेनं (लालसरपणाच्या नऊपट टक्के) ध्रुवीकरण 4.5 टक्क्यांवर जाऊ नये. कुणाला 6 आले तर आधी काच पुसा.